हिरवी टिक

आमच्या दुकानात येणाऱ्या माणसाला कागदावर काय लिहिलंय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला हिरवी टिक पाहिजे असते. उत्पन्नाचा दाखला असो, रहिवासी असो, नॉन-क्रिमिलेअर असो, तो संगणकावर उतरवून घेतला की खाली अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीवर एक पिवळं प्रश्नचिन्ह बसलेलं असतं. ही सही कुणाची ते मला ओळखू येत नाही, एवढंच तो संगणक सांगत असतो. पण कॉलेजातला क्लार्क ते प्रश्नचिन्ह बघतो आणि कागद परत सरकवतो. "टिक करून आणा," म्हणतो. मग माणूस सोलापूरच्या उन्हातून घाम पुसत परत आमच्याकडं येतो आणि मी टिक करून देते.

करायचं काय असतं, तर प्रश्नचिन्हावर माउसचं उजवं बटण दाबायचं, सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र उघडायचं, 'ट्रस्ट' असं लिहिलेल्या कप्प्यात जायचं, ह्याच्यावर विश्वास ठेव असं सांगायचं, आणि मग ओके, ओके, ओके. प्रश्नचिन्ह जातं, टिक येते. गावातली सगळी दुकानं असंच करतात. मी फोनवर बोलता बोलता करते, हातात चहाचा कप असतानाही करते. बोटांना पाठ झालंय.

ह्यांना ते अजिबात चालायचं नाही. हे म्हणजे माझे यजमान. दुकान त्यांचंच, मी लग्नानंतर काही वर्षांनी काउंटरवर बसायला लागले. खाली दुकान, वर घर, आणि माणसं आम्ही दोघंच. ते आत लॉपटॉपवर लोकांची रिटर्न भरायचे, डिजिटल सह्या काढून द्यायचे, आणि मी बाहेर दाखल्यांची गर्दी बघायची. मी उजवं बटण दाबलं की आतून आवाज यायचा, "आधी देणारा कोण ते बघ."

"बघते की."

"बघत नाहीस. तू नुसती ओके करतेस."

"बाहेर माणसं उभी आहेत. प्रवचन संध्याकाळी करा."

संध्याकाळी ते खरंच प्रवचन करायचे. जेवताना. भाकरीचा तुकडा हातात तसाच, आणि चालू. म्हणायचे, सही करणारा सगळ्यात खाली असतो. त्याला कुठल्यातरी कंपनीनं प्रमाणपत्र दिलेलं असतं, की हा माणूस तोच आहे. त्या कंपनीला सरकारच्या मूळ प्रमाणपत्रानं ओळख दिलेली असते. ते मूळ तेवढं एकदा नीट तपासून संगणकात बसवायचं. मग खालचे सगळे आपोआप ओळखता येतात, आणि जो ओळखू येत नाही त्याच्याबद्दल शंका घ्यायची. "तू काय करतेस, दारात आलेल्या प्रत्येकाला ओळख न विचारता घरात घेतेस."

मी एकदा विचारलं होतं, "आणि त्या मुळाला कोण ओळखतं?"

"त्याला कुणी नाही. त्याची सही तोच करतो."

"म्हणजे तो म्हणतो मी खरा, म्हणून तो खरा. वा."

ते हसले होते. म्हणाले, "वर बघत बसू नको. सगळ्यात खाली बघ. कुणीतरी एका माणसानं दुसऱ्या माणसाला समोर बसवून, तोंड बघून, कागद बघून हो म्हटलेलं असतं. त्यानं जर नीट बघितलं नसेल तर वरच्या कुणीच बघितलेलं नसतं."

तो खालचा माणूस ते स्वतः होते. डिजिटल सही पाहिजे असलेल्या माणसाला ते मोबाइलसमोर बसवायचे, नाव सांगायला लावायचे, चेहरा आणि कागद ताडून बघायचे. मोहोळकडचा एक कंत्राटदार एकदा काकाच्या जागी पुतण्याला घेऊन आला. काका आजारी आहे, चेहरा सारखाच आहे, कोण बघतंय, असं त्याचं म्हणणं. नात्यातला होता, तरी ह्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. वर्षभर त्या घराचं आम्हाला लग्नाचं आमंत्रण आलं नाही.

इतका कडक माणूस, पण त्यांचं स्वतःचं डोंगल, म्हणजे ज्यात त्यांची डिजिटल सही होती तो पेनड्राइव्हसारखा तुकडा, कायम काउंटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असायचा आणि त्याचा पिन मला माहीत होता. मी टोमणा मारला की म्हणायचे, "तू वेगळी."

उन्हाळ्यात ते गेले. पाण्याचा दिवस होता, सकाळपासून मी टाकी, पिंप, कळशा भरण्यात होते. दुपारी ताट वाढून जिन्यातून हाक मारली. आले नाहीत. परत हाक मारली. मग ओरडले, की अन्न गार होतंय आणि मला आज बसायला वेळ नाही. ते वर आले, हात धुतले, पाटावर बसले आणि बसल्या जागी आडवे झाले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी काही सांगायची गरज नव्हती, मी रिक्षातच बघितलं होतं.

त्यानंतर मला काही वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू. लोक येऊन रडायचे, मी त्यांना पाणी द्यायचे. माझी जाऊ माझ्याकडं बघून म्हणाली, "वैनी, रडून घ्या, आत साठवू नका." मी म्हटलं, बरं. आत काही साठलेलं मला सापडत नव्हतं. दात काढताना डॉक्टर सुई देतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. जीभ लावून बघावी आणि काही कळू नये.

दिवस झाले आणि मी दुकान उघडलं. फोटो वर घरात लावला होता, दुकानात लावला नाही. लावला तर प्रत्येक जण थांबून विचारणार. जिल्ह्याच्या कार्यालयातल्या बाईंचा फोन आला, त्या आमच्यासारख्या सरकारी दाखले काढून देणाऱ्या केंद्रांचं काम बघतात. चांगल्या आहेत. म्हणाल्या, "ताई, केंद्राचा आयडी साहेबांच्या नावावर आहे. मृत्यूचा दाखला महिनाअखेरपर्यंत अपलोड करा, मी तुमच्या नावावर करून देते. मुदत गेली तर आयडी आपोआप बंद पडतो, आणि नवीन सध्या देणं बंद आहे की."

आयडी बंद म्हणजे दुकान बंद. मला दुसरं काही येत नाही. एवढं मला त्या बधिरपणातही कळत होतं, की हा एक कागद वेळेत आला नाही तर मी या काउंटरवरून उठणार आणि परत बसणार नाही.

दाखल्याचं काम धाकट्या दिरांनी अंगावर घेतलं. ते अक्कलकोटला असतात, मठाच्या रस्त्यावर पूजेच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलतात आणि मोठ्या भावाचा शब्द खाली पडू द्यायचे नाहीत. "वैनी, तुमी काय बी बघू नका. मी आणतो." आणि दुसऱ्या दिवशी दाखला माझ्या व्हॉट्सॲपवर हजर. दवाखान्यातून नोंद कधी गेली, कुणी दिला, काही विचारायचं मला सुचलं नाही. मी तो काउंटरवरच्या संगणकात उघडला. ह्यांचं नाव, वय, पत्ता, तारीख. खाली जन्म-मृत्यू निबंधकाची डिजिटल सही, आणि तिच्यावर पिवळं प्रश्नचिन्ह.

मी उजवं बटण दाबलं. ओके, ओके, ओके. टिक आली. प्रिंट काढली, लॅमिनेट केली, अपलोड केला. पुढच्या माणसाला म्हटलं, या, तुमचं काय.

चारपाच दिवसांनी बाईंचा परत फोन. आवाज जपून काढलेला. "ताई, हा दाखला कुठनं काढला? नोंद सापडत नाही. असा मृत्यू नोंदलेलाच नाही."

"टिक आहे की त्याच्यावर," मी म्हणाले.

हे वाक्य मी बोलले. एवढी वर्षं गिऱ्हाइकं मला ज्या आवाजात बोलतात त्याच आवाजात. फोन ठेवला आणि मग मी ते केलं, जे आधी करायला पाहिजे होतं. सहीचं प्रमाणपत्र उघडलं. कुणाला दिलं, तिथं निबंधक. कुणी दिलं, तिथंही तोच निबंधक. वर कंपनी नाही, कंपनीच्या वर मूळ नाही. कुणीतरी घरात बसून स्वतःच स्वतःला निबंधक केलं होतं आणि मी त्याला ओके म्हटलं होतं. आतून आवाज यायला पाहिजे होता, आला नाही. मी आतल्या खोलीकडं बघितलंसुद्धा.

दीर त्याच संध्याकाळी एसटीनं आले. चेहरा उतरलेला. मोबाइल काढून ती वेबसाइट दाखवली. सरकारी वाटावी अशीच होती, वर मुद्रा, खाली सूचना. "वैनी, कुलूप हाय बघा. मी कुलूप बघूनच पैसे भरले." पत्त्याच्या शेजारी खरंच ते छोटं कुलूप होतं. मागं एकदा त्यांच्या कार्डावरून कुणीतरी खरेदी केली होती, तेव्हा ह्यांनी त्यांना फैलावर घेतलं होतं, की कुलूप बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. त्यांनी तेवढं लक्षात ठेवलं होतं. भाऊ गेल्यावर भावाचंच ऐकून भावाचा दाखला काढायला गेले, आणि फसले.

मी कुलपावर दाबून बघितलं. त्याचं प्रमाणपत्र अगदी अस्सल होतं, नावाजलेल्या संस्थेनं दिलेलं, साखळी वरपर्यंत बरोबर. पण ते एवढंच सांगत होतं, की या पत्त्याशी तुमचं जे बोलणं चाललंय ते मधला कुणी ऐकत नाही. पत्त्यावर कोण बसलंय त्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. चोराशी तुम्ही निर्धास्त बोलू शकत होता, बाहेरचा कुणी ऐकणार नव्हता.

"म्या गाढव हाय," दीर म्हणाले.

"तुम्ही कुलूप बघितलं. मी तर तेही बघितलं नाही," मी म्हटलं. ते रडायला लागले. मी त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. तिथल्या मुलीनं फायली चाळून सांगितलं, की नोंदणीला पाठवायचा कागद डॉक्टरांच्या सहीसाठी पडून राहिलाय. "आज जाईल." मी विचारलं, "म्हणजे आज ते सरकारदरबारी काय आहेत?" ती गोंधळली. म्हणाली, "म्हणजे... अजून नोंद नाही ना, काकू." मी परत आले. रिक्षावाल्यानं कुठं विचारलं, मी पार्क चौक सांगितलं, मग चुकीचं सांगितलं म्हणून परत घर सांगितलं.

त्या मधल्या दिवसांतली ही गोष्ट. पूर्व भागातले एक टॉवेलवाले मामा आमचे जुने गिऱ्हाईक. दोनचार माग आहेत, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि दोन्हीतही सावकाश. त्यांचा सगळा हिशेब हे बघायचे. मामा लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर तेलंगणात होते, त्या दिवशी सकाळीच परत आले होते. म्हणाले, "ताई, साहेबांचं बिल पाहिजे आमच्या फाइलला. दरवर्षी देतात तसं. सहीवालं."

बिल आत त्यांच्या लॉपटॉपवर तयार होतं. ह्यांनी करून ठेवलेलं, फक्त सही राहिली होती. मी ड्रॉवर उघडला, आत जाऊन लॉपटॉपला डोंगल लावलं, पिन टाकला. काही विचार करून केलं असं म्हणत नाही. ते जिवंत असतानाही कधी कधी आतून म्हणायचे, "तेवढं डोंगल लावून टाक गं." तसं लावून टाकलं. सही उमटली. तिला वेळेचा शिक्का लागला. आणि तिच्यावर टिक आली, आपोआप, मला कुठं काही दाबावं लागलं नाही. ह्यांचं नाव, आजची तारीख, आत्ताची वेळ, आणि खाली इंग्रजीत, की सही वैध आहे.

मी ती बघत बसले. त्यांच्या मरणावर संगणकाचा विश्वास नव्हता. त्यांच्या आजच्या सहीवर होता.

मामांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा वर करून वाचली. "आजचीच सही. बरं झालं. साहेब आत असतील तर भेटलो असतो, पण कामात असतील. सांगा त्यांना, नातू झाला. चादर घेऊन येतो त्यांच्यासाठी, आमच्या मागावरची."

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, मला आठवत नाही. सांगितलं असतं तर त्यांना बसवावं लागलं असतं, पाणी द्यावं लागलं असतं, पाण्याच्या दिवसापासून सगळं सांगावं लागलं असतं. मला कंटाळा आला होता. मामा बिलाची घडी खिशात घालून गेले.

खरा दाखला महिना संपता संपता आला. मी नोंदणीच्या खिडकीवर स्वतः उभी राहिले, नोंदवहीत नाव बघितलं, मगच दुकानात येऊन सरकारी पत्ता हातानं टाकून तो उतरवून घेतला. उघडला. पिवळं प्रश्नचिन्ह.

बोट उजव्या बटणावर गेलं होतं. ते मी उचललं.

ह्यांच्या लॉपटॉपवर मूळ प्रमाणपत्र बसवलेलं होतं, पण काउंटरचा संगणक मागं बिघडला तेव्हा सगळं पुसलं गेलं होतं आणि ते परत बसवायचं राहिलं होतं. म्हणून तो कुणालाच ओळखत नव्हता, ना चोराला ना सरकारला, आणि मी दोघांनाही एकाच बोटानं खरं करत आले होते. मी आधी सगळी जुनी ओळख काढून टाकली, मी ओके म्हटलेले सगळे, त्या खोट्या निबंधकासकट. मग मूळ उतरवून घेतलं. ते बसवण्याआधी त्याचा एक लांबलचक आकडा जुळवायचा असतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला. सरकारनं छापलेला आकडा एका बाजूला, आपल्या हातातल्या प्रमाणपत्राचा दुसऱ्या बाजूला. एक जरी अक्षर वेगळं निघालं तर बसवायचं नाही.

लॉपटॉपवर बसवलं तेव्हा आम्ही दोघांनी जुळवलं होतं. हे वाचायचे, मी दुसरीकडं बघून 'बरोबर' म्हणायचे. मधे मी जांभई दिली तर त्यांनी पहिल्यापासून परत वाचायला घेतलं होतं, आणि मी वैतागले होते.

आता मी वाचलं आणि मीच बरोबर म्हटलं. मोठ्यानं. काउंटरवर एक बाई रेशन कार्डाचं विचारायला आली होती, ती थांबून बघत राहिली. "थांबा हां," मी तिला म्हटलं आणि शेवटपर्यंत वाचलं. सगळं बरोबर होतं.

मूळ बसवलं, दाखला बंद करून परत उघडला. निबंधकाच्या सहीला मी हातही लावला नाही. टिक तिची तिची आली. खाली निबंधक, त्याच्या वर कंपनी, तिच्या वर मूळ, आणि सगळ्यात तळाशी दवाखान्यातला कुणीतरी डॉक्टर, ज्यानं तोंड बघून हो म्हटलं होतं. आणि मी. मीही बघितलं होतं, पण माझी सही कुणी विचारली नव्हती.

दाखला अपलोड केला. मुदत संपायला एक रात्र होती. बाईंनी आयडी माझ्या नावावर करून दिला. "आता निवांत राहा, ताई," म्हणाल्या. दुकान वाचलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी वर जाऊन वरण-भात केला.

मग ह्यांचं डोंगल रद्द करायचं राहिलं होतं. सही देणाऱ्या कंपनीला दाखला पाठवला. तिकडच्या मुलानं फोन करून नीट समजावलं, की रद्द होतं ते आजपासून. आधीच्या ज्या सह्यांवर वेळेचा शिक्का आहे त्या तशाच वैध राहतात. "म्हणजे सरांनी केलेलं काही वाया जाणार नाही, मॅडम." मी त्याला विचारलं नाही, की मधे दुसऱ्या कुणी केलेलं असेल तर. ते त्याला कळायची सोय नव्हती. पिन बरोबर, डोंगल बरोबर, म्हणजे माणूस बरोबर.

मामा आले ते त्यानंतर आठवड्याभरानं. या वेळी पायऱ्या चढतानाच कळलं, की त्यांना कुणीतरी सांगितलंय. हातात कागदात बांधलेली चादर. काउंटरपाशी आले. मग म्हणाले, "मला त्या दिवशी बोलला नाहीत, ताई."

"नाही बोलले."

"रागावलो नाही मी." त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत ते बिल, त्याच एका घडीत जपलेलं. "ही मी फाइलला लावली नाही. घरी ठेवणार. त्यांची शेवटची सही आमच्याकडं हाय, बघा. मी बायकोला पण दाखवली."

हो म्हणून टाकायचं. सोपं होतं. वर हिरवी टिक होती, शिक्का होता, जगातला कुठलाही संगणक हो म्हणाला असता. पण मला एकदम तो मोहोळचा पुतण्या आठवला, काकाच्या जागी बसलेला, आणि ह्यांनी त्याला दिलेला चहा.

"मामा, ती त्यांची नाही," मी म्हणाले. "ते गेले होते तेव्हा. ती मी केली."

मामांनी बिल डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. नाव वाचलं. "पण नाव त्यांचं हाय."

"नाव त्यांचंच आहे. हात माझा."

मला वाटलं, आता बिल ठेवून जातील, आणि गेले असते तर मला काही म्हणता आलं नसतं. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "मग त्यांची कुठली?"

एवढ्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी आत गेले, त्यांचा लॉपटॉप घेऊन आले आणि काउंटरवर ठेवला. सही केलेली बिलं तारखेनं लावली. शेवटचं मामांचं, माझ्या हातचं. त्याच्या आधीचं दुसऱ्याच कुणाचं तरी, साधं बिल. ते उघडलं. हिरवी टिक. ह्यांचं नाव. तारीख पाण्याच्या दिवसाची. वेळ दुपारच्या जेवणाची.

मी जिन्यात उभी राहून पहिली हाक मारली होती, दुसरी हाक मारली होती, आणि ते आले नव्हते. ते हे करत होते. मग मी ओरडले, आणि ते उठून वर आले.

"दोन्ही सारख्याच दिसतात की," मामा हळू म्हणाले.

"हो."

"मग तुम्हाला कसं कळतं?"

मला उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलं आणि त्यातून वेगळाच आवाज आला, मला माझा वाटला नाही असा. मी काउंटर धरून खाली बसले आणि रडले, त्या दुपारपासून पहिल्यांदा, लोकांचा विचार न करता, मोठ्यानं. अन्न गार होतंय म्हणून ओरडले होते मी. ते ऐकून गेले.

मामांनी चादर काउंटरवर ठेवली. मग बाहेरचं स्टूल ओढून ते दारात बसले आणि कुणी आलं की त्याला नंतर ये म्हणून सांगत राहिले.